परीक्षेच्या महिन्यात लेकरांना झोपू द्या

फेब्रुवारीत बारावीचे पेपर सुरू होतात, पाठोपाठ दहावीचे. या दिवसांत वस्तीतल्या कुठल्याही घरी गेले तरी एक वाक्य हमखास कानावर पडते : "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि तुला दहालाच झोप येते?" बोलणाऱ्या आईबापाच्या मनात वाईट काही नसते. आपण धुणीभांडी केली, बिगारी केली, आता पोरांच्या हातात झाडू येऊ नये, एवढीच त्यांची तळमळ असते. पण हे वाक्य ज्या तऱ्हेने वापरले जाते, त्याला आमचा विरोध आहे. त्याने मुलांची तब्येत बिघडते आणि अभ्यासही बिघडतो.

बाबासाहेबांचे नाव घ्यायचे तर पूर्ण गोष्ट सांगावी. परळच्या चाळीतली एकच खोली. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणे, तिथेच अभ्यास. सुभेदार रामजीबाबा भीमरावांना रात्री लवकर झोपायला लावत. स्वतः मात्र दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोन वाजता मुलाला उठवून अभ्यासाला बसवत, आणि मग स्वतः अंग टाकत. आपण या गोष्टीतले उठवणे लक्षात ठेवले, झोपवणे विसरलो. मुलगा झोपावा म्हणून बाप जागत होता, हेही विसरलो.

आता कुणी आपल्या मुलाला रात्री दोनला उठवावे, असे आमचे म्हणणे नाही. त्या घरात त्या काळी तेवढीच सोय होती. घ्यायचे ते एवढेच की, मुलाची झोप आणि मुलाचा अभ्यास या दोन्हींची जबाबदारी घराने उचलली होती. ती एकट्या मुलावर टाकली नव्हती.

झोप म्हणजे आळस नव्हे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला 8 ते 10 तास झोप लागते, असे या विषयातले डॉक्टर सांगतात. दिवसा वाचलेले मेंदू झोपेतच पक्के करतो. रात्रभर जागून पाठ केलेले उत्तर सकाळी अकराच्या पेपरात आठवत नाही, ते मुलगा मठ्ठ आहे म्हणून नव्हे. झोपच झालेली नसते. शिवाय जागरणाने चिडचिड वाढते, डोके दुखते, पोट बिघडते. जागे राहण्यासाठी मग चहावर चहा होतो. काही पोरे टपरीवरच्या थंड बाटल्या आणि तंबाखूच्या पुडीकडे वळतात. परीक्षा संपते, ती सवय राहते.

कुणी म्हणेल, आमच्या घरी झोपायला जागा तरी कुठे आहे? हा प्रश्न खरा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असतील, तर मुलाची झोप मुलाच्या हातात नसते. टीव्ही कधी बंद होतो, दिवा कधी मालवतो, पाणी किती वाजता येते, यावर ती ठरते. म्हणूनच आम्ही हे मुलांसाठी लिहीत नाही, घरातल्या मोठ्यांसाठी लिहितो. महिनाभर टीव्ही नऊला बंद करा. मोबाईल मुलाच्या उशाशी नको, आपल्याही हातात नको. भिंतीकडची जागा परीक्षेच्या मुलाला द्या. पहाटे चारला नळ येत असेल, तर हंडे भरायला बापाने किंवा थोरल्या भावाने उठावे.

इथे मुलींविषयी वेगळे बोलायलाच हवे. मुलगा दहावीला असला की घर दबक्या पावलांनी चालते. मुलगी दहावीला असली तरी भाकरी तिनेच थापायची, धाकट्याला तिनेच सांभाळायचे, आणि मग उरलेल्या रात्रीत अभ्यास करायचा. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले. त्यांच्या लेकी म्हणवणाऱ्या मुलींना आपण महिनाभर भांडी माफ करू शकत नाही का?

खाण्याचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या दर शंभर मुलींपैकी सुमारे 59 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी असले की दम लागतो, लक्ष लागत नाही, झापड येते, आणि आपण म्हणतो पोरगी कामचुकार आहे. महागाचे टॉनिक नको. बाजरीची भाकरी, मेथी किंवा शेपू, मटकी-हरभऱ्याची उसळ, परवडेल तेव्हा अंडे किंवा मटण, आणि वर लिंबू पिळलेले. जेवणाला लागून चहा देऊ नका, तो अन्नातले लोह अंगाला लागू देत नाही. शाळेत लोहाची गोळी मिळत असेल तर ती जेवणानंतर घ्यायला सांगा. पेपरच्या दिवशी उपाशीपोटी पाठवू नका. केंद्रावर जाताना पाण्याची बाटली सोबत द्या; मार्चचे ऊन सोपे नसते.

आणि वस्तीचे काय? फेब्रुवारीत हळदी असतात, लग्ने असतात. 7 तारखेला माता रमाईची जयंती असते, ऐन परीक्षेच्या तोंडावर. पुढे 14 एप्रिलची तयारी, तेव्हा शाळेच्या आणि कॉलेजच्या परीक्षा चालूच असतात. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावायला कायद्याने बंदी आहे. पण पोलीस येईपर्यंत थांबायचे कशाला? रमाईंनी पोटाला चिमटा घेऊन बाबासाहेबांचे शिक्षण पुरे होऊ दिले. त्यांच्याच जयंतीच्या आवाजाने एखाद्या लेकराचा अभ्यास किंवा झोप मोडली, तर ते अभिवादन कसे म्हणायचे? जयंती मंडळांनी स्वतःहून ठरवावे : परीक्षेच्या काळात कार्यक्रम लवकर संपेल, आवाज मंडपापुरता राहील.

विहाराला संध्याकाळनंतर कुलूप लागते. ते उघडावे. बल्ब, सतरंजी आणि पिण्याचे पाणी एवढे पुरे. दोन उपासिका आळीपाळीने बसल्या, तर मुलींनाही निर्धास्त पाठवता येईल. नऊ-साडेनऊला विहार बंद, आणि मुले झोपायला घरी. रात्रपाळीचा अभ्यास तिथेही नको.

भगवंतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. मध्यम मार्ग आपण वंदनेनंतर ऐकतो, तो घरातही आणला पाहिजे.

शेवटची गोष्ट भीतीची. मूल जेवेनासे झाले, गप्प गप्प राहू लागले, "मी नसलेलोच बरा" असे काही बोलले, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, ऐकून घ्या, त्याला एकटे सोडू नका. 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. आणि एखादा विषय राहिलाच, तर पुरवणी परीक्षा असते. वर्ष बुडतेच असे नाही, आयुष्य तर नाहीच नाही.

बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते, म्हणजे शंभरात अडतीससुद्धा नाहीत. तरी समाजाने सभा भरवून त्यांचा सत्कार केला. त्याच वेळी केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. त्या दिवशी लोकांनी गुणांवरून मुलाला जोखले नाही, त्याच्या पाठीशी उभे राहिले. निकालाच्या दिवशी आपल्या दारातही तसेच घडावे. त्याआधी, आज रात्री, दिवा वेळेवर मालवावा.

जय भीम, नमो बुद्धाय.