केबिनचे व्हार्निश निवडताना छातीचा विचार करा

जून-जुलैत मासेमारी बंद असते. किनाऱ्यावर ओढलेल्या नौकांची डागडुजी याच दिवसांत होते. नव्या हंगामाआधी केबिनच्या लाकडावर व्हार्निशचा हात फिरतो. दुकानात प्रश्न दोनच विचारले जातात: चकाकी किती आणि टिकेल किती? ते लावणाऱ्या रंगाऱ्याच्या आणि आत झोपणाऱ्या खलाशांच्या छातीचे काय, हे कोणी विचारत नाही.

सर्वांत कणखर थर बसतो तो दोन डबे मिसळून लावायच्या पॉलियुरेथेनचा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही रसायने असतात. कामामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत त्यांची गणना होते. वास जाणवला नाही तरी ती घातक ठरू शकतात. खोकला, घरघर कित्येकदा काही तासांनी, रात्री सुरू होते. मग दोष जातो पावसाळी हवेला! एकदा शरीराला त्यांचे वावडे निर्माण झाले की पुढे अगदी थोडा संपर्कही दम लागायला पुरतो. रंगाऱ्यावर धंदा सोडण्याची वेळ येऊ शकते.

थिनरवर चालणाऱ्या साध्या व्हार्निशची वाफ हवेपेक्षा जड असते. ती केबिनच्या तळाशी साचते. तिने डोके दुखते, गरगरते, मळमळते. ठिणगी पडली तर ती पेटही घेते.

खरे तर इतक्या कडक व्हार्निशची गरज डेकवर असते, कारण तिथे ऊन आणि खारे पाणी यांचा मारा होतो. केबिनच्या आत तो नसतो. म्हणून आतल्या लाकडाला एका डब्याचे, पाण्यावर आधारित व्हार्निशच बहुधा पुरेसे असते. दमट हवेत ते सावकाश वाळते, पण दोन हातांमध्ये थोडे थांबले की झाले.

कोणतेही व्हार्निश असो, पाऊस आहे म्हणून दारे-झडपा बंद करून काम करू नये. केबिनमध्ये स्प्रे टाळावा. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. त्यासाठी रसायनांच्या वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क लागतो. दमा असलेल्याला हे काम देऊ नये. वास पूर्ण जाईपर्यंत आत कोणी झोपू नये, शेगडीही पेटवू नये. खोकला झालाच, तर काय काम केले ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

डबा निवडतो मालक आणि वाफ जाते रंगाऱ्याच्या छातीत. म्हणून ही निवड विचारपूर्वक करणे ही मालकाचीच जबाबदारी आहे.