नाव ठेवण्याआधी

आमच्या ठाण्याची एक गंमत आहे. "ते ठाण्याला गेलेत" म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. "त्यांना ठाण्यात नेलं" म्हटलं की मात्र शेजारी कान टवकारतात! गावाचं नाव ठाणे आणि पोलिसांच्या जागेलाही ठाणेच. त्यामुळे इथे चक्क 'ठाणेनगर पोलीस ठाणे' आहे. एकच नाव दोघांना असलं की ऐकणारा आपल्या ओळखीचा अर्थ धरून मोकळा होतो. हे शाळेत मी जन्मभर शिकवलं, पण स्वतः शिकले ते आता, सत्तरी उलटल्यावर. आणि त्याची फी जरा जास्तच पडली.

झालं असं. नातवाने त्याचा जुना लॅपटॉप लिनक्स घालून मला दिला. खोपटच्या या दोन खोल्यांत दुपारी करायचं काय, म्हणून मी चिकाटीने शिकले. त्याच सुमारास माहेरी जाऊन आत्याचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करायला लागले. तिच्या लग्नाची हकीकत, जात्यावरच्या ओव्या, कुणाचं बारसं कुठे झालं... एकूण ११ मुद्रणं. फोन भरला की ती लॅपटॉपवर घ्यायची आणि रोज रात्री पेनड्राइव्हवर एक प्रत उतरवायची, असा नेम ठरवला. त्यासाठी तीन ओळींची छोटी स्क्रिप्ट लिहिली. नाव काय द्यावं? नातू सारखा "सिंक झालं का?" म्हणत असतो. दिलं नाव 'सिंक'.

पहिल्या दिवशी स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये बसून, नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ देऊन ती चालवली. दोन मुद्रणं होती, दोन्ही उतरली. मी खूश! मग ती स्क्रिप्ट माझ्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि रोज नुसतं 'सिंक' टंकू लागले. काही तक्रार आली नाही. तीन महिने मी निर्धास्त झोपले.

मग डिस्क गेली. पेनड्राइव्ह उघडला, तर त्यात पहिल्या दिवसाची दोनच मुद्रणं. बाकीची नऊ नाहीत. फोनवरून ती केव्हाच पुसली होती. आणि आत्या त्याआधी पंधराच दिवस गेली होती.

नातवाने समजावून सांगितलं ते असं. 'सिंक' नावाची आज्ञा लिनक्समध्ये आधीपासूनच आहे. मेमरीत थांबून राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरवायचं, एवढंच तिचं काम. ते करते आणि मुकाट्याने परतते. आपण नुसतं नाव टंकलं की संगणक ठरलेल्या क्रमाने एकेक फोल्डर धुंडाळतो आणि त्या नावाचा जो पहिला भेटेल त्याला उठवतो. माझं फोल्डर मी रांगेत शेवटी लावलं होतं. म्हणजे रोज रात्री मी हाक मारत होते माझ्या सिंकला आणि ओ देत होता दुसराच. टिंब आणि रेघ दिली तेव्हा मी पत्ता सांगितला होता, म्हणून पहिल्या दिवशी बरोबर घर सापडलं.

कुणी म्हणेल, मग आपलं फोल्डर रांगेत पहिलं लावा की! मला ते पटत नाही. दुसरे कार्यक्रमही खऱ्या 'सिंक'ला हाक मारतात. त्यांच्यापुढे माझी पेनड्राइव्हवाली स्क्रिप्ट जाऊन उभी राहिली तर त्यांचा घोटाळा व्हायचा. शिवाय काही आज्ञा फोल्डरमधून शोधल्याच जात नाहीत, त्या आज्ञा घेणाऱ्या शेलच्या पोटातच असतात. 'टेस्ट' ही तशीच. पहिल्या स्क्रिप्टला हौसेने 'टेस्ट' नाव देऊन "काहीच होत नाही" म्हणून बसलेले नवशिके जगभर आहेत. तिथे रांग बदलूनही भागत नाही.

माझं मत असं, की नव्याने येणाऱ्याने वेगळं नाव घ्यावं. वर्गात दुसरा जोशी आला की हजेरीत त्याच्या नावाची आद्याक्षरं लागत. गावांचंही तेच. पुण्याकडे वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द आहेत, फारसीतल्या 'मोठा' आणि 'लहान'वरून. डेबियन या लिनक्सच्या नियमावलीत तर असं आहे, की वेगळी कामं करणारे दोन कार्यक्रम एकाच नावावर अडून बसले आणि एकमत झालं नाही, तर दोघांचीही नावं बदलायची. 'नोड' या नावावरून हौशी रेडिओवाले आणि नोड-जेएसवाले यांचं असंच अडलं आणि २०१२ साली ते तांत्रिक समितीपुढे गेलं. भल्याभल्यांना चुकलेलं नाही ते आपल्याला कुठून चुकणार!

आता मी तीन गोष्टी पाळते. पहिली, नाव ठेवण्याआधी विचारते. 'टाइप' लिहून जागा सोडायची, मग उणे चिन्ह आणि ए, आणि शेवटी मनातलं नाव. त्या नावाचे कोणकोण आहेत ते सगळे समोर येतात. दुसरी, स्क्रिप्ट गप्प बसू देत नाही. किती फाइली उतरवल्या ते तिने शेवटी सांगितलंच पाहिजे. तिसरी, आठवड्यातून एकदा पेनड्राइव्ह उघडून स्वतः पाहते.

आणि नावं मराठी ठेवते. इंग्रजीतले सोपे शब्द केव्हाच घेतले गेलेत, आपले रिकामे पडलेत. माझ्या स्क्रिप्टचं नाव आता 'जतन' आहे. पण इथेही डोळे झाकून चालत नाही हं! रोमन लिपीत 'मन' लिहिलं की ती माहितीपुस्तिका उघडणारी 'मॅन' होते. 'तर' लिहिलं की गाठोडं बांधणारी 'टार'. माझ्या वर्गातला दाते तारीख दाखवू लागतो आणि मोरे पानं उलटू लागतो. म्हणून मराठी नावालाही आधी 'टाइप' लावायचंच.

तसं पाहिलं तर दोष नावाचा कमी आणि माझ्या निर्धास्तपणाचा जास्त. काही तक्रार आली नाही याचा अर्थ काम झालं असा मी घेतला. गप्प बसलेल्या मुलाला धडा समजला असं मी वर्गात कधी धरलं नाही. इथे मात्र धरलं.

माहेरच्या मंडळींना एक विनंती. आत्याचा आवाज कुणाच्या फोनमध्ये असेल, एखाद्या लग्नाच्या व्हिडिओत मागून ऐकू येत असेल, तरी मला पाठवा. दोन मिनिटांचाही चालेल. या वेळी नीट जतन करीन.