करडांचा स्वस्त खुराक

मैत्रिणींनो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे दारची शेळी म्हणजे बाईच्या हक्काची पुंजी. विकतचा खुराक परवडत नाही, खरंच. पण करडाचं पहिलं अन्न फुकटच असतं, ते म्हणजे चीक. जन्मल्यावर तासाभरात पाजावा. 2 किलोच्या करडाला दिवसभरात थोडाथोडा करून 200 ग्रॅम तरी. ‘जड पडतो’ म्हणून तो पिळून फेकणाऱ्यांना काय म्हणावं, बाई!

दोन आठवड्यांनी बोरीचा, शेवग्याचा कोवळा पाला टांगून ठेवा. सुबाभूळ चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको, केस गळतात. पुढे तुरीची चुनी नि धानाचा कोंडा चिमूट चिमूट वाढवत मूठभर. उरलेला भात मात्र पाटीभर ओतू नका. पोट फुगून करडू रातोरात दगावतं. दूध तिसऱ्या महिन्यात हळूहळू तोडा.