नसेतला ठणका आणि घराणे

‘आमच्या घराण्यातच दात किडके!’ सातारा-सांगलीच्या दवाखान्यांत ही सबब नवी नाही. त्यात थोडे तथ्यही आहे. कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली की दाह किती भडकेल, हे काही अंशी दाहाचे संदेश देणाऱ्या इंटरल्युकिनसारख्या प्रथिनांच्या जनुकांवर ठरत असावे. शिवाय डीएनएची अक्षरे न बदलता त्यावर बसणाऱ्या मिथाइल खुणा जनुके दाबतात, मोकळी सोडतात. सुजलेल्या नसेत या खुणांमध्ये फरक आढळले आहेत. दवाखान्यात मात्र अजून कापसाच्या थंड बोळ्याची चाचणी आणि एक्स-रे हेच हुकमी. रूट कॅनॉल करताना काढलेली नस कचऱ्यात जाते. कराड आणि सांगलीच्या दंत महाविद्यालयांनी रुग्णाच्या संमतीने ती या खुणांच्या अभ्यासासाठी जपावी. विद्यापीठांनी त्यासाठी निधी द्यावा.