राखणदाराचीही राखण करा



खरिपाचे उरकले, ज्वारी हुरड्यात आली, की घराघरांत पोरांचा एकच लकडा सुरू होतो. "आई, आम्ही दोस्त मिळून एक रात्र माळावर मुक्कामाला जातो. मोत्याला बरोबर नेतो, मग कशाला काळजी?" आईच्या पोटात गोळा येतो. वडील म्हणतात, "कुत्रं आहे ना संगती, जाऊ दे त्यांना."

जाऊ द्याच. चूल मांडणे, सरपण गोळा करणे, पाणी जपून वापरणे, चार जणांत मिळून-मिसळून राहणे हे एका रात्रीत जितके शिकता येते, तितके घरात बसून येत नाही. मात्र "कुत्रं आहे ना" एवढ्यावर विसंबू नका. घरातले एक मोठे माणूस बरोबर द्या. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या घोड्यासंगे एक. कुत्र्याची सोबत आपल्याला जुनीच आहे. पण सोबत दोन्हीकडून असते. तो आपली राखण करतो, तशी त्याची राखण आपण करायची असते.

पहिली गोष्ट लसीची. पिलू तीन महिन्यांचे झाले की पिसाळीची, म्हणजे रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी, ती पुन्हा द्यावी. पहिल्या लसीचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दवाखाना गाठून उपयोग नाही. वाटेत परगावची कुत्री अंगावर येतात, झटापट होते, सोडवायला गेलेल्या पोराला दात लागतो. असे झालेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. मग तडक सरकारी दवाखाना गाठावा. लस सांगितलेल्या तारखांना पुरी घ्यावी आणि रक्त आले असेल तर जखमेत द्यायच्या औषधाचेही विचारावे. पाश्चरने 1885 साली जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पिसाळीची लस दिली आणि तो जगला. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी ती लस आपल्या तालुक्यात मिळते. पण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. तेव्हा "बघू उद्या" म्हणू नका.

दुसरी गोष्ट बिबट्याची. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यांत तो आता शेजारीच राहतो. अकोल्याकडे झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, की तिथल्या बिबट्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा होता. म्हणजे ज्याला आपण पहारेकरी म्हणतो, तो बिबट्याचा घास आहे. रात्री कुत्रा बाहेर खुंटीला बांधणे म्हणजे बिबट्याला आवतण धाडणेच. हिमालयातले गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात तो याचसाठी, कारण बिबट्या मान धरतो. आपल्याकडे ज्या भागात बिबट्याचा वावर आहे, तिथे उघड्यावर झोपूच नये. दार लागेल अशा वस्तीवरच्या खोलीत मुक्काम करावा, आणि कुत्राही आतच घ्यावा. पोरांनी रात्री एकटे बाहेर जाऊ नये; जायचे तर मोठ्या माणसासोबत, हातात बॅटरी घेऊन.

बिबट्या नसला तरी साप आहेतच. मण्यार रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्याला चावली तर पुष्कळदा दुखतही नाही. बाज असेल तर उत्तम. नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चहूकडून नीट खोचा.

आता त्याच्या खाण्यापिण्याचे. पोरे लाडाने आपल्यातले सगळे त्याला घालतात. पण कांदा कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक. शिजलेले हाड फुटून आतड्यात टोचते. साधी भाकरी पाण्यात कुस्करून द्या आणि पाण्याचे भांडे वेगळे घ्या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो. म्हणून चाल सकाळी किंवा उन्हे कलल्यावर ठेवा; तापलेल्या कातळावर त्याचे पायही पोळतात.

अभयारण्यात मात्र कुत्रा नेऊ नका. 2018 साली गीरमध्ये वीसच्या वर सिंह दगावले. त्यांतल्या काही सिंहांत कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाचे विषाणू सापडले. तसेच धनगराचा वाडा दिसला, की साखळी हातात धरा. आपल्या मोत्याने मेंढरे उधळली तर नुकसान दुसऱ्याचे होते.

परतल्यावर त्याच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहा, पायातला काटा काढा. हे काम पोरांवरच सोपवा. ज्याला कुत्र्याच्या पायातला काटा दिसतो, त्याला उद्या बैलाच्या खांद्यावरचा आवाळूही वेळेवर दिसेल. शेतकऱ्याच्या घराला असाच पोर हवा.