क्षारांचा जमाखर्च

पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की गोठ्यागोठ्यांतून वाढ्यांचे भारे पडू लागतात. आणि अल्प मोलाने मिळणाऱ्या या वैरणीतील ऑक्झलेट गाईच्या पोटात कॅल्शियमला जखडून टाकते व ते तिच्या अंगी लागू देत नाही, ही गोष्ट पशुवैद्यांनी वारंवार सांगूनही दावणीपर्यंत क्वचितच पोहोचते. विल्यानंतरच्या चिकात लिटरमागे सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते, तर गाईच्या समग्र रक्तद्रवात त्याची शिल्लक अवघी ३ ग्रॅमांच्या आसपास. म्हणजे १० लिटर चीक देणाऱ्या संकरित गाईचा हा खजिना एका दिवसात कैक वेळा रिता होऊन आतड्यांतून व हाडांतून पुन्हा भरावा लागतो, आणि ही भरती वेळेवर न झाली, की गाय मान कुशीकडे वळवून बसून राहते. यालाच दुग्धज्वर म्हणतात. वस्तुतः त्यात अंग तापत नाही, उलट कान गार पडतात!

विशेष हे, की विण्यापूर्वी सढळ हाताने पाजलेले कॅल्शियम बहुधा अपायकारकच ठरते, कारण हाडांतील ठेव मोकळी करणारी यंत्रणा त्यामुळे सुस्तावते. गाभणकाळाच्या अखेरच्या ३ आठवड्यांत पोटॅशियमने समृद्ध असा लसूणघासही आवरता घ्यावा. गाय भिंती चाटते, चिंध्या चघळते, ती खोड नव्हे. बहुधा स्फुरदाच्या उणिवेची तक्रार होय. स्निग्धांशाचे दप्तर चोख ठेवणाऱ्या दूध संस्थांनी अशा उणिवा भरून काढणाऱ्या क्षारमिश्रणाचीही तजवीज संकलन केंद्रावरच करावी आणि त्याची किंमत दुधाच्या बिलातून हप्त्याहप्त्याने वळती करून घ्यावी.