कोळसेवाल्याचा मुलगा आणि उमरठ



‘डीमन स्लेयर’च्या नादी लागून आपली मुले तानाजी विसरतील, ही गेल्या अंकातील पत्रलेखकांची भीती मला अनाठायी वाटते. कोयोहारू गोतोगे यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१६ ते २०२० या काळात चालली, २३ खंडांत पूर्ण झाली; २०१९ पासून तिचे ॲनिमे, म्हणजे चलत्चित्र मालिका, आले. राक्षसांशी लढणारा तिचा नायक तांजिरो डोंगरातल्या कोळसा पाडणाऱ्या घरातला. पाठीवर टोपली घेऊन तो बर्फातून गावात कोळसा विकायला उतरतो. रायगडातली कातकरी कुटुंबेही कोळशाच्या भट्ट्यांवर राबत आली आहेत, मग महाड-पोलादपूरच्या मुलांना हे घर परके का वाटावे? तलवारबाजी डोळे दिपवते हे खरेच, पण मन धरून ठेवते ती मेहनत. दोन वर्षे घाम गाळल्यावर कुठे तांजिरोच्या तलवारीने शिळा दुभंगते.

रक्तपात फार, हा आक्षेप लहानग्यांपुरता मान्य. मात्र मरणाऱ्या राक्षसाचा हात हातात घेणारा नायक क्रौर्य शिकवत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. मेलेल्या शत्रूशी वैर उरत नाही, हे त्या मुलखाला वेगळे सांगायला नको. उमरठला तानाजींच्या समाधीपाशी पोवाडा ऐकलेला मुलगा घरी ॲनिमे खुशाल पाहू शकतो. शाळांनी त्याला दोन्हींवर बोलते करावे.

— एक वाचक, पोलादपूर